संगणकांतील वंशावळ

जुन्या घराण्याची वंशावळ उलगडून पाहिली म्हणजे मूळ पुरुष वर, त्याखालीं मुलगे, त्यांखालीं नातू असे दिसतात; कोण कोणाचा, हें कोणास विचारावें लागत नाहीं. संगणकांतील कागदपत्रांची मांडणी याच जातीची असते. एका फोल्डरच्या पोटांत दुसरा, दुसऱ्याच्या पोटांत तिसरा. परंतु पडद्यावर फोल्डर उघडीत गेलें तर बहुधा एका वेळीं एकच पिढी दृष्टीस पडते.

सबंध वंशावळ एकदम मांडून दाखविणारी आज्ञा म्हणजे ‘ट्री’. ट्री म्हणजे वृक्ष. मात्र गीतेंतील अश्वत्थाप्रमाणें मूळ वर व फांद्या खालीं! आयबीएमच्या संगणकांसाठीं १९८३ सालीं डॉसची दुसरी आवृत्ति निघाली. फोल्डरांत फोल्डर ठेवण्याची सोय डॉसमध्यें तेव्हांच आली, व तिच्याबरोबर ही आज्ञाहि आली. विंडोजमध्यें नुसतें ‘ट्री’ लिहिल्यास फोल्डरच तेवढे दिसतात. फाइलीहि हव्या असल्यास पुढें तिरकी रेघ व ‘एफ’ हें अक्षर द्यावें लागतें.

लिनक्समधील ट्री निराळी. ती स्टीव्ह बेकर यांनीं रचिली. ती फाइलींसकट सर्व दाखविते व अखेरीस मोजदादहि देते. पसारा मोठा असल्यास उणें चिन्ह, मोठा ‘एल’ व २ हा आंकडा लिहावा, म्हणजे ती दोन पिढ्यांवर थांबते. दुसऱ्या ठिकाणाकडे बोट दाखविणारी जोडणी आढळली तर ती बाण काढून पत्ता सांगते, आंत शिरत नाहीं. दत्तक गेलेल्या मुलाचा वंश जसा जनक घराण्याच्या वंशावळींत पुढें लिहीत नाहींत, तसेंच हें. जोडणी स्वतःच्याच पूर्वजाकडे वळलेली असली, तर तिच्यामागें जाणाराचा फेरा संपावयाचाच नाहीं.

खरी मेख पुढेंच आहे. लिनक्समध्यें ज्या नांवाच्या आरंभीं टिंब असतें तें गुप्त मानतात, व ट्री तें आपण होऊन दाखवीत नाहीं. एखादा विद्यार्थी वर्षभराचें काम नव्या डिस्कवर हलवितो. ट्रीनें दाखविलेली एकेक वस्तु तो उतरवून घेतो, आणि जुना फोल्डर पुसून टाकतो. फाइली वांचतात, परंतु त्यांतील प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारा ‘गिट’चा फोल्डर टिंबाआड होता, तो गेला. उणें चिन्ह व लहान ‘ए’ एवढें लिहिलें असतें तर तो दिसला असता. पुसण्यापूर्वीं तरी हें अक्षर लिहावेंच.

आराखडा जपून ठेवावयाचा असल्यास विंडोज व लिनक्स दोहोंतहि आज्ञेपुढें ‘पेक्षां मोठें’ हें गणितांतील चिन्ह घालून फाइलीचें नांव द्यावें. नांव नवें असावें. जुन्या फाइलीचें दिल्यास तींतील मजकूर सहसा न विचारतांच पुसला जातो.