ओव्हरलोड रिलेची डायल कशासाठी?

ओव्हरलोड रिले (जादा भार टिकून राहिल्यास मोटर बंद करणारे साधन) म्हणजे फ्यूज नव्हे. शॉर्टसर्किटसाठी फ्यूज किंवा ब्रेकर वेगळा लागतोच.

हमाल जड पोते चार पावले नेतो, कोसभर नाही. रिलेचा हिशेबही तसाच असतो. करंट जितका जास्त, तितका ट्रिप होण्याचा वेळ कमी, पण शून्य नाही. म्हणूनच सुरू होताना मोटर काही सेकंद नेहमीच्या सुमारे सहापट करंट घेते, तरी रिले तिला थांबवत नाही.

रिले किती करंटवर ट्रिप होईल हे डायल ठरवते. तो वारंवार ट्रिप झाला की डायल वाढवली जाते. त्याने दोष तसाच राहतो आणि वाइंडिंग जळू शकते. डायल नेमप्लेटवरील करंटइतकी ठेवावी. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या फेजमध्ये जोडला असेल, तर नेमप्लेटवरील करंटच्या ०.५८ पट. मग दोष शोधण्यासाठी बेअरिंग, व्होल्टेज आणि तिन्ही फेज तपासावेत.