शत्रूचा चेहरा

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी, किंवा निदान शेजारच्या घरी, टीव्हीला जोडायचा गेम होता त्यांना ‘कॉन्ट्रा’ची ओळख करून द्यावी लागत नाही. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे ऐटीत छापलेले असे. आत मात्र तेच मोजके खेळ नावे आणि क्रमांक बदलून पुन्हा पुन्हा येत. त्यांत कॉन्ट्रा असला की कॅसेटचे पैसे वसूल. उघड्या अंगाचे दोन सैनिक जंगलातून उजवीकडे धावतात, समोरून माणसे येतात, गोळी लागली की नाहीशी होतात. ती माणसे कोण, कुठली, हे आपण कधी विचारले नाही.

त्याच काळात युरोपातली मुले हाच खेळ ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने खेळत होती. जंगल तेच, संगीत तेच, उड्या त्याच. पण धावणारे दोघेही यंत्रमानव होते आणि समोरून येणारे सैनिकही यंत्रमानवच. कोनामी या जपानी कंपनीने १९९० मध्ये युरोपसाठी ही आवृत्ती काढली, त्यामागे मुख्यतः जर्मनीतले नियम होते. तिथे मुलांना घातक वाटणाऱ्या साहित्याची सरकारी यादी असे. एखादा खेळ त्या यादीत गेला की त्याची जाहिरात बंद आणि दुकानात उघडपणे मांडणेही बंद. ही भानगड टाळायला कंपनीने माणसे काढली आणि पत्रे-स्क्रू बसवले.

जर्मन आवृत्त्यांचा हा इतिहास मी गेली काही वर्षे जमवतो आहे, आणि त्यातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ या खेळात एका प्रयोगशाळेत अपघात होतो आणि पुरावे मिटवायला सैन्य येते. जर्मन आवृत्तीत सैनिकांचे यंत्रमानव झाले, हे ठरलेलेच. पण खेळात निःशस्त्र शास्त्रज्ञही आहेत आणि खेळणाऱ्याने त्यांच्यावर गोळी झाडली तर काय दाखवायचे, हा प्रश्न उरला. जर्मन आवृत्तीत ते मरत नाहीत. ते खाली बसतात आणि मान हलवतात. नियमातून पळवाट काढणाऱ्या कुणा कारागिराने हे केले असेल, पण मला त्यात नकळत साधलेले काहीतरी दिसते. मेलेला माणूस पडद्यावरून पुसला जातो, नकारार्थी मान हलवणारा माणूस समोर बसून राहतो.

माणूस काढून टाकण्याची ही धडपड खेळांच्या जन्मापासूनची आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत ‘डेथ रेस’ नावाचे नाणे टाकून खेळायचे यंत्र आले. गाडीखाली आकृत्या चिरडायच्या; चिरडली की किंकाळी आणि त्या जागी थडग्याचा क्रूस. ओरड झाली तेव्हा कंपनी म्हणाली, ही माणसे नाहीत, भुते आहेत. पुढे १९७८ मध्ये जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घडवत होते. त्यांनी आधी रणगाडे आणि विमाने करून पाहिली, ती हवी तशी हलेनात. माणसाची आकृती बरी हलत होती, पण माणसांवर गोळ्या झाडायला लावणे योग्य नाही म्हणून ती सोडली गेली. शेवटी खेकडा, ऑक्टोपस आणि माकूल यांच्यासारखे परग्रहवासी आले. जगभर गाजलेल्या पहिल्या काही खेळांपैकी एकाचा चेहरा अशा संकोचातून ठरला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

यावर ‘मग यंत्रमानव मारणे आणि माणूस मारणे यात फरक तो काय? बोट तर तेच दाबायचे’ असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप खोटा नाही. १९९७ च्या ‘कार्मागेडन’मध्ये ब्रिटनसाठी पादचाऱ्यांची मुडदे-भुते केली आणि जर्मनीसाठी यंत्रे केली. एकाच चित्रावर देशागणिक निराळा रंग, त्याला नीती म्हणवत नाही. आपल्याकडे ‘पबजी’ २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ होऊन परतला तेव्हा रक्त हिरवे झाले होते; हिरव्या रक्ताने कोणाचे काय वाचले, मला कळलेले नाही. तरीही हा सगळा प्रश्न रंगरंगोटीचा आहे, असे मी म्हणणार नाही. त्याचे कारण मला मालेगावात सापडले.

माझ्या ओळखीच्या एका मुलाने, वडील पॉवरलूमवर, स्वतः बारावीला, मला एकदा विचारले, “काका, ज्यात माणूस मारावा लागत नाही असे गेम कोणते?” मला वाटले, घरून ताकीद मिळाली असेल. तसे नव्हते. मित्राच्या कॉम्प्युटरवर तो एक युद्धाचा खेळ खेळला होता. “त्यात ज्याला मारायचं ना काका, तो आमच्या दादांसारखा दिसतो. दाढी, डोक्याला रुमाल. आणि मागं मस्जिदीसारखी इमारत.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, एखाद्या दुकानात आपल्या मापाचा शर्ट मिळत नाही असे सांगावे तसे तो सांगत होता. मोसम नदीच्या दोन्ही काठांवर ज्याचे आयुष्य गेले आहे त्याला या वाक्याचे वजन वेगळे समजवावे लागत नाही. या गावाने २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट पाहिले आहेत, आणि संशय कोणाच्या चेहऱ्यावर आधी जातो हेही पाहिले आहे.

तो मुलगा जे बोलला त्यावर अभ्यास झालेला आहे. प्राग येथील चार्ल्स विद्यापीठातले वीत शिश्लर यांनी २००८ मध्ये पाश्चात्त्य खेळांतल्या अरब आणि मुस्लिम पात्रांवर निबंध लिहिला. त्यांचे निरीक्षण थोडक्यात असे: या खेळांत अशी माणसे बहुतेक वेळा शत्रू म्हणूनच येतात, त्यांना नाव-गाव नसते, आणि निरनिराळ्या देशांचे मिळून एकच वाळूचे गाव होते. हे किती बेफिकिरीने होते याचा नमुना म्हणजे २००९ चा ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’. त्यात कराची दाखवली आहे आणि दुकानांच्या पाट्या अरबीत आहेत. कराचीत उर्दू चालते. मालेगावच्या किदवाई रोडवरून रोज जाणारे पोरही ही चूक एका नजरेत पकडील. करोडो रुपयांच्या खेळाला ती दिसली नाही, कारण त्या पाट्या वाचायच्या नव्हत्या, फक्त परक्या दिसायच्या होत्या.

इथे एक गोष्ट नीट वेगळी केली पाहिजे. खेळात ‘मारणे’ आपल्याला नवे नाही. सारीपाटात सोंगटी मारतात. हुतूतूत गडी मरतो. आपल्या मैदानी भाषेत तर मरण इतके सहज आहे की खेळणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. पण हुतूतूत मेलेला गडी कुठे जातो? रेषेबाहेर बसतो आणि आपल्या बाजूने समोरचा कोणी मारला की जिवंत होऊन आत येतो. या प्रकाराचे नावच संजीवनी. दुसऱ्या एका प्रकाराला अमर म्हणतात, त्यात बाद झालेला मैदान सोडतच नाही, फक्त गुण मोजायचे. सारीपाटातली मेलेली सोंगटीही पुन्हा पटावर येते. शिवाय ज्याला मारले त्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, खेळ संपल्यावर त्याच्याच सायकलवर डबलसीट घरी जायचे असते. मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, प्रतिस्पर्धी आणि शत्रू, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. प्रतिस्पर्ध्याला आपल्याइतकेच खेळायचे असते. शत्रू फक्त मरण्यासाठी ठेवलेला असतो.

या कसोटीवर ‘पबजी’ उलट बरा ठरतो, हे लिहिताना काही वाचक दचकतील. त्यात समोर बहुतेक वेळा खराखुरा खेळाडू असतो, तोही आपल्याला मारायला निघालेला असतो, आणि दोघांचे कपडे सारखेच चित्रविचित्र असतात. त्याचे दोष वेगळे आहेत, वेळ खाण्याचे आणि पैसे खर्चायला लावण्याचे. पण आपल्याकडची चर्चा या फरकापर्यंत आलीच नाही. २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी तो खेळणाऱ्या मुलांना पकडले, त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात ११ वर्षांच्या मुलाच्या वतीने बंदीची याचिका झाली, आणि २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली ती चिनी संबंध आणि माहितीच्या सुरक्षिततेच्या कारणाने. शत्रू म्हणून कोणाला उभे करायचे, हा विषय कुठेच निघाला नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना पहिली अडचण आली ती पैशाची. स्वस्त फोनवर फुकट चालणारे जे खेळ आहेत त्यांत गोळीबाराचेच पुष्कळ, आणि त्यामागे साधे अर्थशास्त्र आहे. असा खेळ बनवणाऱ्याला शत्रू तयार करावे लागत नाहीत, खेळायला येणारेच एकमेकांचे शत्रू होतात. कमाई कपडे आणि बंदुकांचे रंग विकून होते. ज्या खेळात मारायचे नाही तिथे प्रत्येक वळणावर काहीतरी नवे रचावे लागते, आणि ते रचणाऱ्याला पोट असते. म्हणून असे पुष्कळ खेळ विकत घ्यावे लागतात.

तरी शोधल्यावर सापडले. सगळ्यांत जुने उत्तर तर आपल्या खिशात होते. नोकियाच्या फोनमधला साप १९९७ पासून आहे आणि त्यात शत्रू म्हणजे स्वतःचीच वाढलेली शेपटी. मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव यांचा ‘टेट्रिस’ १९८४ चा. तिथे वरून पडणारे ठोकळे आणि आपली घाई एवढेच. ‘मिनी मेट्रो’मध्ये वाढत्या शहरासाठी रेल्वेमार्ग आखायचे, त्यात मुंबईचाही नकाशा आहे, आणि शत्रू म्हणजे फलाटावरची गर्दी, म्हणजे आपणच. २०२३ च्या ‘वेन्बा’त कॅनडाला गेलेली एक तमिळ आई फाटलेल्या वहीतल्या पाककृती जुळवते. खेळ दोन-अडीच तासांत संपतो, पण इडली-पात्राच्या थाळ्या कोणत्या क्रमाने लावायच्या यावर इतकी उत्कंठा वाढते हे मी खेळून पाहिल्याशिवाय मानले नसते.

दोन खेळांबद्दल जरा थांबून सांगतो. ‘जर्नी’ (२०१२) या खेळात आपण एका डोंगराकडे वाळवंटातून चालत असतो, आणि वाटेत दुसरा एखादा वाटसरू भेटतो. तो जगात कुठेतरी बसलेला खरा माणूस असतो. नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. बनवताना असे लक्षात आले की खेळाडूंना एकमेकांना ढकलता येत असेल तर ते ढकलतात. मग जेनोव्हा चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदेश लिहिला नाही, ढकलण्याची सोयच काढून टाकली. उलट जवळ गेले की दोघांच्याही उपरण्यात उडण्याचे बळ भरते. वागणे बदलायचे तर नियम बदलावा लागतो, हे इतके स्वच्छ मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

दुसरा ‘अंडरटेल’ (२०१५). एक मूल राक्षसांच्या जगात पडते. प्रत्येक राक्षसाशी लढता येते आणि प्रत्येकाला सोडूनही देता येते. त्यासाठी तो कशाने चिडला आहे ते समजून घ्यावे लागते. मारले आणि मग खेळ मागे नेऊन ‘झालेच नाही’ असे केले, तरी खेळ ते विसरत नाही, तसे बोलूनही दाखवतो.

महाराष्ट्रातले उदाहरण म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’, २०२० चा. नाचणारी, दोरीवरची कसरत करणारी मुलगी हरवलेल्या भावाला शोधते आणि असुरांशी लढते. चित्रे देखणी आहेत. माणूस मारायचा नाही, ही अट तो पाळतो. पण असुर म्हटला की आपल्याकडे प्रश्न सुटत नाही. दिवाळीच्या पाडव्याला आपण ज्या बळीचे राज्य येवो म्हणतो, तो असुरांचा राजा. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्याच्याकडे आपला राजा म्हणून पाहिले. जपानी माणसाला खेकडा सापडला तसा कोणाचाच नसलेला चेहरा इथे शोधणे अवघड आहे. मोक्षपट रचणाऱ्यांनी म्हणूनच की काय, पटावर माणूस किंवा असुर न ठेवता काम, क्रोध, लोभ यांचे साप ठेवले, आणि तिथे एका घरात दोन सोंगट्या आल्या तर कोणी कोणाला मारत नाही. आमच्या गावच्या नासिर शेख यांनीही ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये नायकाला तंबाखूशी लढायला लावले होते. सुपरमॅन झालेले शफीक शेख यंत्रमागावरचे कामगार. २०११ मध्ये ते कर्करोगाने गेले.

इथली मुले सध्या ज्या फुकटच्या खेळात रमलेली मी पाहतो तो ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’. खेळ परदेशी, पण बसचे रंगरूप आपल्याला बदलता येते. मुलांनी तिला लाल परी करून घेतले आहे. एकाने पाटी लावली आहे ‘मालेगाव – मनमाड’, आणि सिग्नल तोडला की शेजारी बसलेली पोरे कंडक्टरसारखी त्याच्यावर ओरडतात.