चातुर्मासाची वाचनयादी आणि परिमाणाचा नियम

आषाढ शुद्ध चतुर्दशी जवळ आली की जैन घरांत नियमांची बोलणी सुरू होतात. कोणी हिरव्या भाज्यांचा त्याग करतो, कोणी रात्रिभोजनाचा. कोणी एकासने मांडतो, तर कोणी दिवसभरात किती द्रव्ये घ्यायची याची मर्यादा ठरवतो. आहाराचे हे नियम काटेकोर असतात. त्यांची संख्या ठरलेली असते, वेळ ठरलेली असते आणि मोडल्यास प्रायश्चित्तही ठरलेले असते. स्वाध्यायाचा नियमही अनेक जण घेतात. पण तो बहुधा ‘रोज थोडे वाचीन’ एवढाच असतो. काय वाचणार, किती वाचणार आणि कोणत्या प्रश्नाच्या शोधात वाचणार, हे ठरलेले नसते. परिणामी पर्युषण आटोपले की पुस्तक पुन्हा कपाटात जाते.

अलीकडे शाळा-महाविद्यालयांतील मुले ‘रीडिंग चॅलेंज’ घेतात. एक विषय निवडायचा, त्याभोवती पुस्तकांची यादी करायची आणि ठरावीक मुदतीत ती पूर्ण करायची, असे त्याचे स्वरूप असते. घरातील वडीलधाऱ्यांना हा प्रकार नवा वाटतो; वस्तुतः तो आपल्या परंपरेत फार पूर्वीपासून आहे. स्थानकवासी परंपरेत पर्युषणाच्या ८ दिवसांत अंतगड सूत्राचे वाचन होते आणि त्या सूत्राचे वर्गही ८ च आहेत. दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्वाच्या १० दिवसांत तत्त्वार्थसूत्राचे १० अध्याय रोज एक याप्रमाणे घेतले जातात आणि त्याबरोबर उत्तम क्षमेपासून उत्तम ब्रह्मचर्यापर्यंत रोज एका धर्माचे विवेचन होते. विषय, ग्रंथ आणि दिवस यांचा असा मेळ आचार्यांनी आणि संघांनी घालून दिलेला आहे. उरलेल्या चातुर्मासासाठी तसाच मेळ प्रत्येक घराने आपल्यापुरता घालावयाचा आहे.

विषयाची निवड हे यातील पहिले काम होय. इंदापूर तालुक्यातील नीरेकाठच्या निरवांगीसारख्या गावात व्यापार करणाऱ्या कुटुंबासाठी विषय दूर शोधावा लागत नाही. या पट्ट्यात उसाचे पैसे हाती येईपर्यंत शेतकऱ्याचा संसार दुकानदाराच्या उधारीवर चालतो. किराणा असो, कापड असो वा खते, खतावणीत नावांपुढे रकमा वाढत जातात. कोणाची उधारी वाढवावी, कोणाकडे तगादा लावावा, भाव चढतील म्हणून माल किती दिवस धरून ठेवावा, हे प्रश्न दुकानात रोज उभे राहतात. घरातील शिकलेला मुलगा किंवा सून कधीतरी विचारतेच, ‘आपल्याला नेमके किती पुरे आहे?’ या प्रश्नाला धर्मशास्त्रात परिग्रह-परिमाण हे नाव आहे. चातुर्मासाच्या वाचनाला याहून जवळचा विषय सापडणे कठीण.

विषय ठरल्यावर हिशेब मांडावा. आषाढ शुद्ध चतुर्दशी ते कार्तिक शुद्ध चतुर्दशी हे ४ चांद्रमास सुमारे ११८ दिवसांचे असतात. तिथीच्या क्षयवृद्धीने एखादा दिवस इकडेतिकडे होतो, आणि मध्ये अधिक मास आला तर मुदत वाढते. एका सामायिकाचा काळ २ घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. सकाळचे एक सामायिक धर्मग्रंथासाठी राखले आणि दुकान बंद झाल्यावर रात्रीची १ घटिका, म्हणजे २४ मिनिटे, चरित्रे व इतर पुस्तकांसाठी राखली, तर व्यापाऱ्याला एवढा भार पेलतो. चौविहार करणाऱ्या घरात सूर्यास्तानंतर स्वयंपाकघर बंद झालेले असते. इतर घरांत जो वेळ रात्रीच्या स्वयंपाकात आणि आवराआवरीत जातो, तो येथे मोकळा मिळतो. हा वेळ घरातील स्त्रियांच्याही वाचनाचा आहे, हे यादी करताना विसरू नये.

रात्रीच्या घटिकेत सावकाश वाचणाऱ्याची ८ पाने होतात असे धरले, तर १०८ दिवसांत ८६४ पाने होतील. साधारण अडीचशे-तीनशे पानांची ३ पुस्तके त्यात बसतात. उत्साहाच्या भरात २५ पुस्तकांची यादी करणाऱ्याने हा गुणाकार आधी करावा. जी यादी पूर्ण होण्याची शक्यता नाही, तिच्यासाठी आणलेली पुस्तके हासुद्धा परिग्रहच होय. म्हणून पुस्तक निवडताना प्रथम त्याचे शेवटचे पान उघडून पृष्ठसंख्या पाहावी.

११८ पैकी १०८ च दिवस धरण्याला कारण आहे. विनोबांच्या प्रेरणेने आणि जिनेंद्र वर्णी यांच्या परिश्रमाने तयार झालेला ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, १९७४ मध्ये दिल्लीत भरलेल्या संगीतीत सर्व जैन संप्रदायांनी मान्य केला. त्यात ४ खंड, ४४ प्रकरणे आणि ७५६ गाथा आहेत. मूळ प्राकृत गाथा, संस्कृत छाया आणि हिंदी अनुवाद अशी त्याची मांडणी असल्यामुळे प्राकृत न येणाऱ्यालाही तो वाचता येतो. रोज ७ गाथा घेतल्या तर बरोबर १०८ दिवसांत ग्रंथ पूर्ण होतो आणि हाती १० दिवस शिल्लक राहतात. प्रवास, आजारपण, सणासुदीची गर्दी यांमुळे ज्या दिवशी खंड पडेल, त्याची भरपाई या शिल्लकेतून करावी. तूट धरून केलेले अंदाजपत्रकच वर्षअखेर टिकते, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावयास नको. सासर-माहेरचे संप्रदाय भिन्न असलेल्या घरांत तर हा ग्रंथ विशेष सोयीचा आहे.

परिग्रह-परिमाणाच्या विषयासाठी आणखी दोन ग्रंथांतील निवडक भाग सकाळच्या वाचनाला जोडता येतात. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अवघे १५० श्लोक आहेत. त्यात परिग्रह-परिमाण व्रताचे ५ अतिचार सांगितले आहेत: अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. अतिवाहन म्हणजे लोभापायी बैलांना झेपेल त्याहून अधिक दूर हाकणे. अतिसंग्रह म्हणजे पुढे मोठा नफा मिळेल या आशेने धान्यादी माल साठवून धरणे, असे टीकाकार स्पष्ट करतात. दुसऱ्याचा लाभ पाहून मनात सल धरणे हाही अतिचारच मानला आहे. शतकांपूर्वीच्या या ग्रंथात भुसार मालाच्या कोठाराची भाषा सापडली की ग्रंथ आणि दुकान यांतील अंतर एकदम कमी होते.

दुसरा ग्रंथ उपासकदशांग. त्यात भगवान महावीरांच्या १० श्रावकांच्या कथा आहेत आणि पहिली कथा वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीची आहे. त्याची मालमत्ता तेथे एखाद्या ताळेबंदासारखी मांडली आहे: ४ कोटी सुवर्णमुद्रा ठेव म्हणून सुरक्षित, ४ कोटी व्याजव्यवहारात, ४ कोटी घरसंसाराच्या पसाऱ्यात, प्रत्येकी १० हजार गायींची ४ गोकुळे, ५०० नांगर, गाड्या आणि नौकाही तशाच मोजलेल्या. महावीरांचा उपदेश ऐकून आनंदाने हे सर्व तत्काळ सोडले नाही. जेवढे आहे, त्याच्या पुढे वाढवणार नाही, अशी मर्यादा त्याने एकेका बाबीचे नाव घेऊन उच्चारली. व्रताचे बळ या मोजणीत आहे. ‘लोभ कमी करीन’ या वाक्याला अंक नाही. आनंदाच्या प्रत्येक वाक्याला अंक आहे.

रात्रीच्या ३ पुस्तकांची निवड या प्रश्नाच्या वेगवेगळ्या बाजू दिसतील अशी असावी. गांधीजींच्या आत्मकथेत ‘रायचंदभाई’ हे प्रकरण आहे. १८९१ मध्ये विलायतेहून परतल्यावर मुंबईत त्यांची श्रीमद् राजचंद्र यांच्याशी भेट झाली. हिरे-मोत्यांचा व्यवहार करणारा हा तरुण व्यवहार संपताच आत्मचिंतनाच्या वहीकडे वळत असे, हे गांधीजींनी जवळून पाहिले. याच राजचंद्रांनी १८९६ मध्ये नडियाद येथे १४२ गाथांचे आत्मसिद्धिशास्त्र रचले. दुसरे पुस्तक गं. दे. खानोलकर यांनी लिहिलेले वालचंद हिराचंद यांचे चरित्र. निरवांगीच्या परिसरातील लोकांना वालचंदनगर हे नाव रोजच्या बोलण्यातले आहे. परंतु सोलापूरच्या जैन घरातील या उद्योजकाचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघाले आणि त्याच्या स्मरणार्थ त्या तारखेला देशात नौकानयन दिन पाळला जातो, हे नव्या पिढीला ठाऊक असतेच असे नाही. तिसरे पुस्तक कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र. कुंभोजच्या जैन घरात १८८७ मध्ये जन्मलेल्या आणि काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचा विक्रेता म्हणून गावोगाव फिरलेल्या भाऊरावांनी त्याच १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. एकाने संपत्ती उभारली, दुसऱ्याने स्वतःचे म्हणून काही ठेवले नाही. दोन्ही चरित्रे लागोपाठ वाचणाऱ्याला ‘पुरे’ या शब्दाचा अर्थ स्वतःच ठरवावा लागतो.

घरातील मुलांसाठी वेगळी यादी करण्याऐवजी त्याच विषयाचे एकच पुस्तक निवडावे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ ४२ रात्रींत विभागलेली आहे. रोज एक रात्र मोठ्याने वाचली तर ६ आठवडे पुरते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या कानांवर त्यातून मराठी पडते, आणि उणे असतानाही घर ताठ मानेने कसे उभे राहते, हे त्यांना ऐकावयास मिळते.

यादी नक्की करण्यापूर्वी जाणत्याला विचारावे. स्वाध्यायाच्या ५ अंगांत वाचनेनंतर लगेच पृच्छना येते. नीरेपलीकडचे दहिगाव हे अतिशय क्षेत्र जुने मराठी जैन कवी महतीसागर यांच्या नावाशी जोडलेले आहे. तेथे दर्शनाला गेल्यावर, किंवा गावात चातुर्मासासाठी विराजमान साधु-साध्वींकडे, यादीचा कागद पुढे ठेवण्यास संकोच वाटू नये. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. आपल्या न्यायोपार्जित संपत्तीचा विनियोग कोणत्या धर्मकार्यासाठी करावा, याविषयी त्यांनी ठिकठिकाणी हिंडून विद्वानांची तोंडी व लेखी मते गोळा केली आणि १९४१ मध्ये नाशिकजवळील गजपंथ येथे विद्वानांना एकत्र आणून निर्णय केला. त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला. आरंभी त्यांनी ३० हजार रुपये दिले आणि १९४४ मध्ये सुमारे २ लाखांची आपली सर्व संपत्ती संघाला अर्पण केली. जीवराज जैन ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ती’ १९४३ मध्ये प्रकाशित झाला. एका व्यापाऱ्याने आधी विचारले, मग ठरवले, म्हणून त्याचा पैसा ग्रंथरूपाने टिकला.

आता नोंदीविषयी. व्यापारी घराला यासाठी नवी पद्धत शिकावी लागत नाही. एका वहीच्या पहिल्या भागात रोजकीर्द ठेवावी: तिथी, गाथांचे क्रमांक, रात्रीची पाने. दुसऱ्या भागात खतावणी ठेवावी. तिच्यात ‘संग्रह’, ‘उधारी व व्याज’, ‘दान’, ‘घरखर्च’ अशी विषयवार खाती उघडावीत आणि वाचलेल्यातील जे मनाला भिडले, ते एका वाक्यात त्या खात्यावर टाकावे. रोजकीर्द वाचना दाखवते. खतावणीत अनुप्रेक्षा, म्हणजे वाचलेल्याचे चिंतन, उतरते. केवळ कीर्द लिहून खतावणी कोरी ठेवणाऱ्या दुकानदाराला कोणाकडून किती येणे आहे हे कळत नाही. पुस्तकांची संख्या मोजून थांबणाऱ्या वाचकाची गत त्याहून वेगळी नसते.

पुस्तके मिळवणे ही खेड्यातील खरी अडचण आहे. त्यावर उपाय असा की, माल आणण्यासाठी बारामती, इंदापूर किंवा पुण्याला होणाऱ्या फेरीत यादीतील एकेक पुस्तक आणावे. मंदिरातील वा स्थानकातील कपाटे उघडून पाहावीत. आणि दोन-तीन घरांनी मिळून एकच संच फिरता ठेवावा. कपाटात कापडात बांधून ठेवलेल्या ग्रंथाला वाळवी लागते. हातोहात फिरणारा ग्रंथ फार तर जुना होतो.

दिवाळीत वहीपूजन होते आणि कार्तिक शुद्ध पंचमीला अनेक व्यापारी नव्या वहीत मुहूर्ताचा व्यवहार करतात. श्वेतांबर परंपरेत हीच तिथी ज्ञानपंचमी म्हणून पाळली जाते. त्या दिवसापर्यंत समणसुत्तं बहुतेक पूर्ण झालेले असेल आणि वाचनाची खतावणी भरलेली असेल. नव्या वहीचे पहिले पान लिहिण्यापूर्वी घरातील सर्वांनी ती खतावणी एकत्र बसून वाचावी आणि आनंद गाथापतीप्रमाणे आपल्या घराचे अंक ठरवावेत: घर, सोने, माल किती, व्याजाची मर्यादा कोणती, आणि त्यापुढील मिळकत कोणत्या कामी जाईल. थोड्याच दिवसांत ऊसतोडीची गडबड सुरू होते, उधारीची पाने पुन्हा भरू लागतात. त्या वेळी हे अंक दुकानाच्या वहीत, पहिल्याच पानावर, दिसतील अशा जागी लिहिलेले असावेत.