सेन्सर बदलण्यापूर्वी तार तपासा

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की मालक गॅरेज गाठतो. मेकॅनिक स्कॅनर जोडतो, पडद्यावर ‘पी ०११८’ हा संकेतांक उमटतो आणि ‘सेन्सर गेला’ असे निदान होते. नवा सेन्सर बसवूनही अनेकदा दिवा पुन्हा लागतो. कारण सेन्सर बिघडल्याचे हा संकेतांक सांगतच नाही. कूलंटचे तापमान मोजणाऱ्या सर्किटमधील विद्युतदाब प्रमाणाबाहेर वाढला आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि सर्किटमध्ये सेन्सरबरोबरच दोन तारा, कनेक्टर व इंजिनाचा संगणकही येतो.

संगणक आपल्या आतील एका रोधातून ५ व्होल्टचा दाब सेन्सरला पुरवतो. दुसरी तार अर्थची असते. सेन्सर तापला की त्याचा रोध घटतो. अनेक मोटारींत तो २० अंश सेल्सिअसला दोन ते तीन हजार ओहम, तर इंजिन पूर्ण तापल्यावर काही शे ओहम असतो. रोधाबरोबर तारेवरील दाबही उतरतो आणि त्यावरून संगणक तापमान ठरवतो. तार तुटली, तर दाब ५ व्होल्टच्या आसपासच राहतो. संगणकाच्या लेखी तेव्हा तापमान उणे ४० अंश असते!

दोष नेमका कोठे आहे, हे शोधण्याची रीत सोपी आहे. इंजिन बंद व इग्निशन चालू ठेवून सेन्सरचा कनेक्टर काढावा आणि त्याची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडावीत. स्कॅनरवरील तापमान एकदम खूप वाढले, तर तारा व संगणक ठीक असून दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या पिनांमध्ये आहे. आकडा उणे ४० वरच राहिला, तर नवा सेन्सर निरुपयोगी. तार, अर्थ आणि शेवटी संगणक तपासावा. काही मोटारी दोष आढळताच गृहीत तापमान दाखवतात; तेथे मल्टिमीटरने कनेक्टरवरील दाब मोजावा. तीन तारांच्या सेन्सरवर मात्र टोके जोडण्याचा प्रयोग करू नये. संगणकाला इजा होऊ शकते.

पावसाळ्यात गंजलेल्या पिना आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा हे आपल्याकडील नेहमीचे दोष. ते रेंगाळले, तर इंजिनाला गरजेपेक्षा जास्त इंधन जाऊन मायलेज घटू शकते. म्हणून सुटा भाग बदलण्यास होकार देण्यापूर्वी ‘सर्किट तपासले का?’ हा प्रश्न मेकॅनिकला जरूर विचारावा.