मनाचे दुखणे मोजता येते काय?

अंगात ताप भरला म्हणजे आपण काखेत थर्मामीटर ठेवतो. काल १०२ होता, आज १०० वर आला, तेव्हा औषध लागू पडले, असे घरातील आजीदेखील सांगू शकते. रक्तदाबाला आकडा आहे, रक्तातील साखरेला आकडा आहे. परंतु ज्याचे मनच आजारी पडले आहे, ज्याला आठवडेच्या आठवडे कशातही गोडी वाटत नाही, झोप लागत नाही, जगणे ओझे वाटते, अशा रोग्याच्या बाबतीत हा आकडा कोठून आणावयाचा? नैराश्याचा विकार रक्ताच्या तपासणीत सापडत नाही आणि क्ष-किरणांच्या छायाचित्रातही उमटत नाही. मग महिनाभर उपचार झाल्यावर रोगी सुधारला की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावे तरी कसे?

रोग्यालाच विचारावे, हे उत्तर सहज सुचते. आणि ते चुकीचेही नाही. पण "कसे काय, बरे आहे ना?" या प्रश्नाला आपल्याकडे "बरे आहे" एवढेच उत्तर देण्याची रीत आहे. तो शिष्टाचार असतो, प्रकृतीचा वृत्तान्त नव्हे. शिवाय आठवणीचाही भरवसा धरता येत नाही. मन आज ज्या रंगात बुडालेले असते, त्याच रंगात ते मागचे दिवसही पाहते. काल रात्री झोप लागली नाही, तर रोगी म्हणतो, "महिनाभर डोळ्याला डोळा लागला नाही", आज सकाळी जरा हुशारी वाटली, तर तोच म्हणतो, "आता काही त्रास नाही." तिकडे डॉक्टरांनीही मधल्या काळात शेकडो रोगी पाहिलेले असतात. दोघांच्याही स्मृतीवर विसंबून एखाद्याच्या औषधाची मात्रा ठरवणे म्हणजे अंधारात चाचपडणेच होय.

ही अडचण सुमारे सत्तर वर्षांपूर्वी अधिक तीव्रतेने जाणवू लागली, त्याला एक विशेष कारण घडले. १९५७ च्या सुमारास नैराश्यावरील पहिली आधुनिक औषधे पुढे आली. स्वित्झर्लंडमधील रोलंड कून या मानसोपचारतज्ज्ञांनी इमिप्रामीन या औषधाचा गुण त्याच वर्षी प्रसिद्ध केला. आता प्रश्न उभा राहिला, की अशा औषधाने किती गुण येतो आणि एकापेक्षा दुसरे सरस आहे काय, हे सिद्ध कसे करावयाचे? "पुष्कळ बरे वाटले" हे वाक्य दहा रोग्यांच्या तोंडी दहा वेगवेगळ्या अर्थांनी येते. इंग्लंडमधील लीड्स येथील मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली यावर एक तोडगा प्रसिद्ध केला. नैराश्याची सतरा लक्षणे त्यांनी निवडली: खिन्न मन, अपराधी भावना, आत्मघाताचे विचार, झोपेच्या तीन प्रकारच्या तक्रारी, कामातील अनास्था, हालचालीतील मंदपणा, काळजी, घटलेले वजन इत्यादी. डॉक्टरांनी रोग्याशी सावकाश बोलून प्रत्येक लक्षणाला तीव्रतेप्रमाणे गुण द्यावयाचे. काहींना शून्य ते चार, काहींना शून्य ते दोन. शेवटी बेरीज करावयाची.

यात नवल ते काय, असे एखादा विद्यार्थी विचारील. नवल प्रश्नांत नव्हे, शिस्तीत आहे. तेच प्रश्न, तीच मोजणी, प्रत्येक वेळी आणि प्रत्येक रोग्यासाठी! हॅमिल्टन यांनी आणखी एक दक्षता घेतली. एकाच मुलाखतीस दोन परीक्षकांनी बसावे, एकमेकांस न दाखवता गुण द्यावेत आणि मग ते ताडून पाहावेत. दोघांचे आकडे जवळ आले तर मोजपट्टी विश्वासाची. फार अंतर पडले, तर ती रोग्याऐवजी परीक्षकाचा स्वभावच मोजते आहे असे समजावे. (आपल्या निबंधाच्या उत्तरपत्रिका अशाच दोन गुरुजींकडे द्याव्यात, असे कित्येकांच्या मनात आले असेल!) आणि त्याच लेखात त्यांनी स्पष्ट बजावले होते, की ही श्रेणी रोग ओळखण्यासाठी नाही, ज्याला नैराश्याचा विकार आहे हे आधीच ठरले आहे, त्याच्या विकाराची तीव्रता मोजण्यासाठी ती आहे. हा इशारा पुढे पुष्कळांच्या विस्मरणात गेला.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६१ साली, अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एरन बेक यांनी रोग्याने स्वतःच भरावयाची एकवीस कलमांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यामागोमाग अशा श्रेण्यांचे पेवच फुटले. त्या सर्वांची नावे देण्यात हशील नाही. आज जगातील साध्या दवाखान्यांतून जी पुष्कळ वापरली जाते, ती पी.एच.क्यू.-९ ही रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के यांची नऊ प्रश्नांची श्रेणी होय. तिची कसोटी २००१ साली प्रसिद्ध झाली.

तिची रचना शाळकरी मुलालाही समजेल इतकी सोपी आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, एवढेच ती विचारते. मुळीच नाही, तर शून्य. काही दिवस, तर एक. निम्म्याहून अधिक दिवस, तर दोन. जवळजवळ रोज, तर तीन. कशात गोडी न वाटणे, मन उदास असणे, झोप, थकवा, भूक, स्वतःविषयी तुच्छता, चित्त एकाग्र न होणे, हालचालीतील मंदपणा किंवा अस्वस्थता आणि शेवटी मरणाचे अथवा स्वतःस इजा करण्याचे विचार, असे नऊ विषय. बेरीज जास्तीत जास्त २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून बरीच तीव्र आणि वीसपासून अतितीव्र, अशा पायऱ्या मानल्या आहेत. या परीक्षेत गुण जितके कमी तितके उत्तम, एवढाच आपल्या परीक्षांहून फरक.

बेरीज मात्र अर्धीच हकीकत सांगते. समजा, शिवणकाम करून घर चालवणाऱ्या एका बाईंची पहिल्या दिवशी बेरीज १८ झाली: अनास्था ३, उदासी ३, झोप ३, थकवा २, भूक २, तुच्छता २ आणि उरलेल्या तिन्ही प्रश्नांस प्रत्येकी १. चार आठवड्यांनी पुन्हा तेच प्रश्न विचारले, तेव्हा बेरीज १३ भरली. पाच गुणांची घट! डॉक्टर संतोष पावतात. पण कागद नीट पाहिला, तर झोपेचे ३ वरून १, थकव्याचे २ वरून १ आणि भुकेचे २ वरून ० झाले आहेत. बाकी सारे जसेच्या तसे. बाई झोपतात, जेवतात. मन मात्र अजून तेथेच अडकलेले आहे आणि मरणाचा विचारही गेलेला नाही. औषधाने शरीराला आधार दिला, पण उपचार पुरा झालेला नाही, हे त्या नऊ ओळी सांगतात. १३ हा आकडा सांगत नाही. हॅमिल्टन यांच्या श्रेणीवरही हाच आक्षेप घेतला गेला आहे. तिच्यात झोपेला तीन प्रश्न मिळून सहा गुण आहेत, तर खिन्न मनाला अवघे चार. साहजिकच नुसते गुंगी आणणारे औषधसुद्धा तिच्या कसोटीवर बऱ्यापैकी उतरू शकते. म्हणून जाणता चिकित्सक बेरीज शेवटी पाहतो, आधी ओळी वाचतो.

एवढा खटाटोप केल्याने रोग्याच्या पदरात काही पडते काय? चीनमधील बीजिंग येथे झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. नैराश्याचे १२० रोगी दोन गटांत वाटले. दोन्ही गटांना औषधे त्याच दोहोंपैकी एक. एका गटात डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे आपल्या अंदाजाने उपचार केले. दुसऱ्यात त्यांच्यापुढे श्रेणीचे गुण ठेवले जात आणि त्या गुणांवरून मात्रा कधी बदलावी, याचे नियमही ठरलेले होते. सुधारणेची नोंद करणाऱ्यांस कोण कोणत्या गटातील, हे ठाऊक नव्हते. चोवीस आठवड्यांनी पहिल्या गटात शंभरांत सुमारे २९ जण विकारातून जवळजवळ मुक्त झाले होते, दुसऱ्यात ७४. औषधे तीच, पण दुसऱ्या गटात मात्रेत फेरफार अधिक वेळा झाले आणि मात्राही अधिक दिल्या गेल्या, कारण "बरे आहे" या उत्तरावर कोणी थांबले नाही. प्रयोग लहान आहे आणि सर्वत्र एवढाच फरक पडेल असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि त्याचा रोख स्पष्ट आहे.

आता दुसरी बाजू. दहा गुण मिळाले म्हणजे नैराश्य जडले, असे मानणारे लोक आता घरोघरी आढळतात. त्यांच्यासाठी थोडे अंकगणित करू. २००१ च्या कसोटीत दहा गुणांची सीमा धरली असता रोग असलेल्या शंभरांपैकी ८८ जण पकडले गेले आणि रोग नसलेल्या शंभरांपैकी ८८ जण बरोबर वगळले गेले. आकडे उत्तमच आहेत. समजा, १,००० माणसांच्या वस्तीत ५० जणांना खरोखर हा विकार आहे. त्यांपैकी ४४ जण पकडले जातील, सहा निसटतील. उरलेल्या ९५० निरोगी माणसांपैकी शेकडा १२, म्हणजे ११४ जण उगाचच सापडतील. एकूण १५८ जणांना "दहाच्या वर" असा शिक्का बसला. त्यांत खरे रोगी ४४, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून किंचित अधिक. बाकीच्यांपैकी कोणाच्या घरी नुकताच मृत्यू झालेला असेल, कोणाच्या अंगात रक्त कमी असेल, कोणाची थायरॉईड ग्रंथी मंदावली असेल. थकवा आणि निद्रानाश यांवर केवळ नैराश्याचीच मालकी नाही. यास्तव आकडा ही वैद्याच्या दाराची वाट होय, वैद्याचा निर्णय नव्हे.

प्रश्न कोणत्या भाषेत विचारला आणि शेजारी कोण बसले होते, यावरही उत्तर बदलते. सासूबाई खुर्चीला खुर्ची लावून बसल्या असता सुनेने दिलेल्या गुणांना काय किंमत? भाषेचे तर विचारूच नका. घरी मराठी बोलणाऱ्या बेळगावच्या, इंदूरच्या किंवा हैदराबादच्या आजीबाईंपुढे परभाषेतील कागद ठेवला, तर त्या नम्रपणे माना डोलावतील आणि सगळीकडे शून्य देतील. आणि भाषांतर झाले तरी काम संपत नाही. "मी नैराश्यग्रस्त आहे" असे आपल्याकडे कोण म्हणतो? "मन कशात लागत नाही", "अंगात त्राण नाही", "डोके जड झाले आहे", "विचारांचा भुंगा लागला आहे", अशी आपली भाषा. म्हणून चांगले भाषांतर दुसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत उलटवून घेतात आणि अर्थ कोठे निसटला ते पाहतात. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात याच्या पुढचे पाऊल टाकले गेले. तेथील शोना भाषिक लोक अशा दुःखाला "कुफुंगिसिसा" म्हणजे अति विचार करणे असे म्हणतात. लोकांच्याच बोलीतून घेतलेल्या चौदा प्रश्नांची एक श्रेणी १९९७ साली तेथे सिद्ध झाली. तिच्या कर्त्यांत विक्रम पटेल होते. पुढे गोव्यात मानसिक आरोग्याचे मोठे काम उभारणारे ते हेच.

गोव्यातील ते काम आपल्याला जवळचे. १९९६ साली तेथे स्थापन झालेल्या "संगाथ" या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पी.एच.क्यू.-९ मध्ये चौदाहून अधिक गुण मिळालेले ४९५ रोगी त्यात होते. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. अर्ध्यांना त्यांच्या जोडीला सहा ते आठ भेटींचे समुपदेशन. समुपदेशक कोण, तर मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेली, या कामासाठी मुद्दाम तयार केलेली स्थानिक माणसे. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या शंभरांपैकी ६४ जणांचे गुण दहाच्या खाली आले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ जणांचे. मानसोपचारतज्ज्ञ गावोगाव मिळणे दुरापास्त असताना साध्या माणसांच्या हातून एवढे काम होऊ शकते, हे मोजपट्टी नसती तर कोणी मानले असते?

शेवटी त्या नवव्या प्रश्नाविषयी. मरणाचे वा स्वतःस इजा करण्याचे विचार येतात काय, या प्रश्नाचे उत्तर बेरजेत मिसळून टाकावयाचे नसते. एकूण गुण सहाच असोत, या एका ओळीत शून्याखेरीज काहीही असले, तर त्याच दिवशी त्या माणसाशी निवांत बोलावे लागते, आणि गरज दिसल्यास त्याला एकटे सोडता येत नाही. असा प्रश्न विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खरी नाही. उलट, कोणीतरी एकदाचे विचारले, म्हणून पुष्कळांना मोकळे वाटते. घरात, वर्गात किंवा शेजारी असे कोणी आढळले, तर भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध असतो. तेथे मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य बोलता येते, आणि त्यासाठी आधी कोणतीही प्रश्नावली भरावी लागत नाही.