विंगर की फुल बॅक: मैदानाची कड कोण सांभाळणार?

फुटबॉल संघ शाळेचा असो वा आयएसएलचा (इंडियन सुपर लीग), कडेने हल्ला कोणी करायचा हे प्रशिक्षकाला आधी ठरवावं लागतं. पारंपरिक विंगर ठेवायचे, की फुल बॅकनाच पुढे धाडायचं?

मोठ्या सामन्यांचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. बचाव करणारा संघ गोलसमोर दाटी करतो. आपला एक खेळाडू टचलाइनला चिकटून राहिला, की समोरच्या बॅकला त्याच्याकडे सरकावं लागतं. मग तो बॅक आणि त्याचा सेंटर बॅक यांच्यात फट पडते आणि पाससाठी वाट मिळते. म्हणून दोन्ही कडांना माणूस हवाच.

पारंपरिक विंगर ही जागा स्वतः धरतो. बॅकला चकवून तो क्रॉस टाकतो आणि त्याचा फुल बॅक मागे राखणीला राहतो. यात धोका कमी. पण समोरून दोघे अंगावर आले की विंगर एकटा पडतो.

दुसऱ्या पद्धतीत विंगर चेंडू घेऊन आत वळतो. प्रतिस्पर्धी बॅक त्याच्यामागे आत येतो, बाहेरची पट्टी मोकळी होते आणि मागून आलेला फुल बॅक पूर्ण वेगात तिथे पोहोचतो. हाच ओव्हरलॅप. मात्र त्या क्षणी चेंडू गेला, तर त्याच्यामागचं मैदान उघडं पडतं.

गोव्याचा मंदार राव देसाई मूळचा लेफ्ट विंगर. एफसी गोवाचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला लेफ्ट बॅक केलं. विंगरची धाव त्याच्या पायात होतीच, आता ती मागून सुरू होऊ लागली. २०२०-२१ मध्ये दोघेही मुंबई सिटीत होते. डावीकडे मंदार, त्याच्यापुढे विंगर बिपिन सिंग, उजव्या बॅकला मुंबईकर अमेय रानवडे आणि सेंटर बॅकच्या पुढ्यात होल्डिंग मिडफिल्डर अहमद जाहू. त्या हंगामात मुंबईने लीग शील्ड जिंकली. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानला २-१ असं हरवून करंडकही नेला. निर्णायक गोल ९० व्या मिनिटाला बिपिनने केला. आक्रमक बॅक असलेल्या या संघाने विंगरला सुट्टी दिली नव्हती.

विंगरशिवायही जिंकता येतं. २००२ च्या विश्वविजेत्या ब्राझीलच्या दोन्ही कडा काफू आणि रॉबेर्तो कार्लोस यांनी सांभाळल्या, पण त्यांच्यामागे तीन सेंटर बॅक होते.

नाशिकच्या शालेय प्रशिक्षकांनी सुरुवात विंगरपासूनच करावी, असं मला ठामपणे वाटतं. उन्हात पूर्ण सामनाभर वर-खाली धावणारे दोन बॅक शाळेच्या संघात क्वचितच मिळतात. दमदार असेल त्या एकाच बॅकला पुढे जाऊ द्यावं. तो गेला की दुसऱ्याने सेंटर बॅकजवळ यावं आणि होल्डिंग मिडफिल्डरने मागे सरकावं. सरावात चेंडू गमावताच शिट्टी वाजवून खेळ थांबवावा आणि मागे किती जण उरले ते मुलांनाच मोजायला लावावं. तिघांपेक्षा कमी भरले, तर बॅकची ती धाव चुकीच्या वेळी झाली होती.