टपावरची गादी

जून आला की आमच्या यवतमाळात गाड्यांच्या टपावर गाद्या दिसू लागतात. कुणाची बदली झालेली, कुणाची लेक शिकायला निघालेली. टेम्पोचं भाडं वाचावं म्हणून गादी, घडीची खाट सगळं घरच्याच गाडीवर. मधोमध एक दोरी आवळायची, आणि खिडकीतून हात काढून गादी धरायला कोण? अर्थातच बाई!

मैत्रिणींनो, त्या हाताचा काही उपयोग नाही. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. गावात चाळीसच्या वेगाला गप्प बसलेली गादी ऐंशीला पुढून उचलली जाते. नागपूर-तुळजापूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून तर ऐंशी कधी होतात ते कळतसुद्धा नाही. गादी सुटली तर आपण पुढे निघून जातो. मागून दुचाकीवर लेकराला घेऊन येणाऱ्या बाईचं काय?

पुतणीचं सामान उमरखेडला न्यायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, "भाऊजी, पुढून-मागूनही बांधा." ते हसले. "वहिनी, गादी आहे, विमान नाही!"

मी त्यांना कयाकचं सांगितलं. मालवण-गोव्याकडे दिसते ती वल्ह्याची निमुळती होडी. शर्यतीतली एकट्याची कयाक ५.२० मीटरपर्यंत लांब, पण वजनाला १२ किलोच्या आसपास. भरलेल्या सिलिंडरहून हलकी! तरी गाडीच्या टपावरून नेताना तिला दोन आडवे पट्टे बांधतात, शिवाय पुढचं नि मागचं टोक वेगळ्या दोरीने खाली गाडीच्या हुकाला. लांब नि हलकं सामानच वारा आधी उचलतो ना!

मग आम्ही गादी घट्ट गुंडाळली, कॅरिअरला बकलाचे दोन पट्टे आवळले. पट्ट्याला एक पीळ दिला की तो वाऱ्याने फडफडत नाही. नायलॉनची दोरी ताणली जाते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवली नाही. आर्णीला चहाला थांबलो, तर पट्टे बोटभर सैल! या वेळी भाऊजींनी न सांगता आवळले.

सामान गाडीच्या बाहेर डोकावू देऊ नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर कायद्यात त्याला २० हजार रुपये दंड आहे, वर सामान उतरवायचा खर्च आपलाच. टपाला किती वजन झेपतं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. आम्ही ते पाहिलं, आणि सागवानी दिवाण मुकाट्याने टेम्पोत चढवला.